जुना रिसिव्हर, बाबांसाठी

बाबांनी टीव्ही पाहणं सोडलं, त्या दिवशी घरात सगळ्यांना बरं वाटलं आणि सगळ्यांना त्याची लाजही वाटली.

बाबांना, म्हणजे रूपरावांना, ऐकू कमी येतं. आई गेल्यावर मी त्यांना आंजीहून नालवाडीला माझ्या घरी आणलं, तेव्हापासून टीव्हीचा आवाज एवढा मोठा असायचा की शेजाऱ्यांना मालिका घरबसल्या फुकटात ऐकू जायची. कानात घालायचं यंत्र घेऊन दिलं होतं. ते त्यांनी काही दिवस वापरलं आणि डबीत ठेवून दिलं. "त्याच्यातून सारं ऐकू येते," ते म्हणाले, "पंखा, भांडे, कुत्रे. फक्त मानसाचं बोलनं नाई येत." मग एका संध्याकाळी माझी मुलगी सुरभी बारावीचं पुस्तक हातात घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "आबाजी, आवाज कमी करा ना, डोकं फुटून राह्यलं माझं." चिडून नाही, रडकुंडीला येऊन म्हणाली. बाबांनी रिमोट उचलला, टीव्ही बंद केला आणि घरापुढच्या छपरीत जाऊन बसले. त्यानंतर रोज संध्याकाळी ते छपरीतच बसायला लागले, रस्त्याकडे तोंड करून. दिवाळी झाली तसं त्यांनी जाहीर केलं, "संक्रांत झाली का मी आंजीले चाल्लो. तिथं कोनाले तरास नाई."

आंजीचं घर बंद पडलेलं. बाबांना शुगर. स्वयंपाकातलं त्यांना भात सोडून काही येत नाही, आणि डॉक्टरांनी नेमका भातच बंद केलेला. मला बाबा इथे हवे होते. "बाबा, जाऊ नका" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण बापाशी असं बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. आम्ही बापलेक बोलतो ते खताबद्दल, विहिरीच्या पाण्याबद्दल आणि गावात कोण वारलं त्याबद्दल. म्हणून मी ते तीन शब्द बोलायचे सोडून इंटरनेटवर जुना सराउंड साउंड रिसिव्हर शोधायला लागलो.

रिसिव्हर म्हणजे टीव्हीखाली ठेवायची एक जाडजूड काळी पेटी. टीव्हीचा आवाज आधी तिच्यात जातो आणि मग ती तो समोरच्या, बाजूच्या, मागच्या स्पीकरांना वाटून देते. नव्या पेटीच्या किमती पाहून मी ते पान लगेच बंद केलं. जुन्यात मात्र अडचण वेगळी होती. प्रत्येक पेटीत काही सोयी होत्या आणि काही नव्हत्या, आणि कोणती सोय महत्त्वाची हे ठरवल्याशिवाय घ्यायची कोणती हे ठरत नव्हतं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. अशा गोष्टी शास्त्रशुद्ध पद्धतीने ठरवाव्यात असं माझं मत आहे आणि त्या पद्धतीने मी आजवर एकही गोष्ट वेळेत ठरवलेली नाही.

आधी मला वाटलं, सात स्पीकरवाला पाहिजे. मग लक्षात आलं की आमचा सोफा भिंतीला चिकटून आहे. मागचे स्पीकर ठेवायचे तर ते शेजाऱ्यांच्या देवघरात ठेवावे लागले असते. मग छतातून आवाज येण्याच्या सोयीने मला झपाटलं. हेलिकॉप्टर डोक्यावरून जातं म्हणे. आमच्या छतातून पंख्याचा आवाज आधीच येतो आणि बाबांना तोही ऐकू येत नाही, ही गोष्ट मी तूर्त बाजूला ठेवली. एका पेटीत अशी सोय होती की एकाच वेळी दोन खोल्यांत दोन वेगवेगळी गाणी लावता येतील. आमच्याकडे दोन खोल्यांत दोन वेगळ्या गोष्टी चालणं रिसिव्हरशिवायच सुरू होतं, तरी तीही पेटी मी मोबाइलमध्ये खूण करून ठेवली.

माझी बायको छाया हे सगळं पाहत होती; बाबांना ती मामाजी म्हणते. एकदा भाजी निवडता निवडता तिने विचारलं, "हे मामाजींसाठी घेऊन राह्यले ना तुम्ही?"

"मग कोणासाठी?"

"मग छतातून आवाज कायले पाह्यजे? मामाजी काय छताकडे पाहून टीव्ही पाहतात?"

मी तिला म्हटलं की हा एकूण अनुभवाचा प्रश्न आहे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मेथीकडे पाहायला लागली. तिचं बरोबर होतं. घेत होतो बाबांसाठी, पण रात्री डोळे मिटले की त्या हेलिकॉप्टरच्या खाली बसलेला मीच दिसायचो.

अशा पेट्यांच्या शौकिनांचा इंटरनेटवर एक गट आहे, तिथे मी माझी अडचण लिहिली. कोणीतरी उत्तर दिलं की म्हाताऱ्या माणसाला बोलणं नीट ऐकू येण्याशी मतलब असतो. बोलणं सगळं मधल्या स्पीकरमधून येतं. त्याचा आवाज वेगळा वाढवता आला की झालं, आणि ते कोणत्याही जुन्यापान्या पेटीत असतं. हा सल्ला इतका सोपा होता की मला त्यात काही दम वाटला नाही. मी आभार मानले आणि दोन सोयी आणखी नक्की केल्या. एक म्हणजे बोलणं उठून ऐकू येण्याचं खास बटण. दुसरी म्हणजे खोली मोजणारा माइक. हा माइक खोलीच्या मध्यभागी ठेवायचा, पेटी एकेका स्पीकरमधून आवाज काढते, खोलीत तो कसा पसरतो ते स्वतःच ऐकते आणि स्वतःला सुधारून घेते. स्वतःचं ऐकून स्वतःला सुधारणारं असं कोणी मी अजून पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे ही सोय असलेलाच रिसिव्हर घ्यायचा असं ठरलं.

या दोन्ही सोयी असलेली पेटी निघाली तीही आंजीतच. विकणारा पियुष आमच्याच गावचा, पुण्यात नोकरी करून परत आलेला तिशीतला पोरगा. त्याचं लग्न ठरलं होतं आणि होणाऱ्या सासरकडून शोकेस येणार होतं, तेव्हा पेटी आणि स्पीकर त्याला काढून टाकायचे होते. मी निघालो तर बाबा म्हणाले, "मीबी येतो. घर उघडून पाह्यतो. साफसफाई करा लागन ना आता." म्हणजे मी त्यांना थांबवायचं साधन आणायला निघालो होतो आणि ते त्याच गाडीवर मागे बसून जायची तयारी करायला.

पियुषने आम्हाला बैठकीत नेलं. बैठकीत तीन भिंतींना छातीपर्यंत कापूस भरलेला होता. आमच्या भागात यात नवल काही नाही. वेचलेला कापूस भाव येईपर्यंत घरातच भरून ठेवतात आणि माणसं उरलेल्या जागेत राहतात. मी लहानपणी दर हिवाळ्यात कापसावरच झोपलो, कापसावरच अभ्यास केला आणि कापसावर उड्या मारल्या म्हणून मारही खाल्ला. त्यामुळे त्या खोलीत मला कापूस दिसलाच नाही. मला फक्त रिसिव्हर दिसला.

बाबा सरळ कापसात जाऊन टेकले. मूठभर कापूस हातात घेऊन त्यांनी तो बोटांनी ताणून पाहिला आणि मान हलवली. पियुषने छाया रोज पाहते तीच मालिका लावली, आवाज मध्यमच ठेवून. मी रिमोटवरची बटणं तपासत होतो. पडद्यावर एक बाई दुसरीच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होती.

"हे बाई खोटं बोलून राह्यली," बाबा म्हणाले.

मी रिमोटवरून मान वर केली.

"काय म्हटलं तिनं, बाबा?"

"म्हने, दागिने म्यां पाह्यलेच नाई. परवा हिनंच तर लपोले असतीन." आणि ते हसले. आई गेल्यानंतर टीव्ही पाहून ते हसले असं मला आठवत नव्हतं. पियुषला माझं तोंड दिसू नये म्हणून मी वाकून पेटीच्या मागच्या वायरी पाहायला लागलो.

"ते बोलणं उठवायचं बटण फारच भारी आहे," मी वायरींमधूनच म्हटलं.

"कोनतं, भाऊ?" पियुष म्हणाला. "ते तर बंद हाय. म्यां कधी लावलंच नाई."

दुसऱ्या एखाद्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. मी मनात म्हटलं, बंद असून एवढं ऐकू येतं तर चालू केल्यावर काय होईल. घासाघीसही न करता मी सौदा केला. पियुषने सगळं त्याच्या टेम्पोत घालून नालवाडीला आणून दिलं, आणि येताना बाबा टेम्पोत पुढे बसून त्या मालिकेतल्या बाईचं पुढे काय होईल ते पियुषला सांगत होते.

घरी आल्यावर मी दोन दिवस वायरी जोडत होतो. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावून सोफ्यावर बसवलं, बाबांना मधोमध. मालिका लावली. आमच्या बैठकीत चकचकीत टाइल्स आहेत, भिंती कोऱ्या आहेत आणि मध्ये काचेचं टेबल आहे. छायाला पसारा चालत नाही. पाच स्पीकरांतून पाच बाया एकदम बोलायला लागल्या आणि त्यांचं बोलणं भिंतींवर आपटून परत येऊन पुढच्या बोलण्यात शिरायला लागलं. रेल्वे स्टेशनवर गाडी लेट असल्याचं सांगतात तसं ऐकू येत होतं.

बाबांनी बराच वेळ कान दिला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "हे भजन हाय का बातम्या?"

सुरभी हसली. मग माझं तोंड पाहून गप्प झाली.

मी खचलो नाही. खोली मोजणारा माइक कशासाठी असतो? मी सोफ्यावर सुरभीच्या पुस्तकांची चळत रचली, बाबांच्या कानाच्या उंचीवर माइक ठेवला आणि सगळ्यांना बाहेर घालवलं, कारण मोजणी चालू असताना घरात चिटपाखरूही फडकता कामा नये. पहिल्या वेळी स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली. दुसऱ्या वेळी भोंगा लावलेली भंगारवाल्याची गाडी आली आणि नेमकी आमच्या फाटकासमोर थांबली. तिसऱ्या वेळी लाइट गेली. त्यानंतर मोजणी पार पडली तेव्हा पेटीच्या हिशोबाने आमची बैठक पवनारच्या नदीपर्यंत लांब निघाली. बोलण्याचं खास बटण लावलं तर भजन आणखी जोरात व्हायला लागलं. कुटुंब रोज संध्याकाळी चपला घालून अंगणात उभं असायचं आणि शेजारी विचारायचे, "सर, घरात साप निघाला का?"

बाबा मात्र पुन्हा छपरीत बसायला लागले होते. एक दिवस त्यांच्या पलंगाखाली मला त्यांची पिशवी दिसली. धोतरं घडी करून भरलेली, वर गोळ्यांची डबी. संक्रांत तोंडावर आली होती. मला त्या पेटीचा, त्या पियुषचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा राग आला. मी पेटी गाडीवर बांधली आणि परत करायला म्हणून तरातरा आंजीला गेलो.

"पियुष, हे असं..." एवढंच मी त्याच्या बैठकीत शिरून म्हटलं आणि थांबलो. माझा आवाज भिंतींवरून परत आला. असं, असं, असं.

खोली रिकामी होती. खाली फरशी, चारी बाजूंनी भिंती.

"कापूस कुठे गेला?"

"विकला ना, भाऊ. लग्नाच्या आधी घर मोकळं नको का?" पियुष म्हणाला, आणि त्याचाही आवाज घुमला. "टीव्हीबी आता लय घुमून राह्यला. मले वाटलं, टीव्हीच खराब झाला."

मी तिथे उभा राहिलो. दरवर्षी मी वर्गात फळ्यावर दोन खोल्यांचं चित्र काढतो. एक कोरी, एक पडदे-गालिच्यांनी भरलेली. कठीण पृष्ठभाग ध्वनी परत फेकतात, मऊ पदार्थ ध्वनी शोषून घेतात. हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो आणि मऊ पदार्थाचं उदाहरण द्यायला विसरलेल्या पोरांचा मी अर्धा गुण कापतो. कितीतरी पोरांच्या अर्ध्या-अर्ध्या गुणांचा तळतळाट त्या क्षणी मला एकदम लागला असावा. पेटी जशी नेली तशी मी गाडीवरून परत आणली.

इथून पुढे कोणताही शहाणा माणूस दोन जाड पडदे आणि एक सतरंजी आणून मोकळा झाला असता. मीही तसंच काहीसं केलं. गाद्या भिंतीला उभ्या केल्या, खिळे ठोकून गोधड्या टांगल्या. छाया दारात उभी राहून म्हणाली, "हे आपलं घर हाय का लॉन्ड्री?" भजन थोडं कमी झालं. बाबांना बोलावून बसवलं. "काही काही समजते," ते म्हणाले, पण पियुषकडे हसले होते तसे ते हसले नाहीत आणि थोड्या वेळाने छपरीत निघून गेले.

मग माझ्या डोक्यात ते आलं. बाबांचं शेत बटईने आहे. श्रावण नावाचा गावातलाच माणूस ते कसतो आणि आलेला माल अर्धा-अर्धा होतो. बाबांच्या वाट्याचा कापूस भाव येईपर्यंत त्याच्याच घरी पडून असतो. मी बाबांकडे गेलो आणि म्हटलं, "बाबा, श्रावणकडे उंदीर लागले म्हणतो कापसाला. त्याले जागाबी नाई. आपला वाटा इथं आणून टाकू का? तुम्ही लक्ष ठेवान."

बाबांनी दोनदा विचारून घेतलं, मग विचार केला. "नालवाडीत कापूस कोन ठेवते?"

"आपण ठेवू."

"छाया काय म्हन्ते?"

छाया काय म्हणाली ते सांगण्यासारखं नाही. पण शेवटी ती आत गेली, पलंगाखालची पिशवी तिनेही पाहिलेली होती, आणि बाहेर येऊन म्हणाली, "आणा. पण माझ्या अंगाले खाज सुटली तर तुम्ही पोळ्या कराल."

"बरं मग," बाबा म्हणाले. "कापूस हाय तवरक थांबतो. इकला का जाईन."

टेम्पो आला तेव्हा अख्खी गल्ली बाहेर आली. सोफा छपरीत गेला, काचेचं टेबल माळ्यावर गेलं. तीन भिंतींना कापूस चढला आणि बाबा स्वतः धोतर खोचून तो पसरत होते, श्रावणला इकडे टाक, तिकडे दाब, असं सांगत होते. पेटी चालू असली की तव्यासारखी तापते आणि कापसाजवळ तवा ठेवणं बरं नाही, म्हणून ती स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी गेली आणि वायर भिंतीतून भोक पाडून आत आणली. उदबत्ती अंगणात लागायला लागली. मधला सोडून बाकीचे चारही स्पीकर कापसाखाली गाडले गेले. ते काढायचे राहिले आणि मग काढायची गरजच पडली नाही. खोली मोजणारा माइक कुठे गेला ते मला माहीत नाही. छतातून आवाज यायची सोयही या पेटीत होती, आणि ती वापरायला छत दिसत होतं, पण तिथवर पोचायला कापूस तुडवावा लागला असता आणि बाबांनी ते करू दिलं नसतं. चालू राहिला तो एकटा मधला स्पीकर, आणि त्याचा आवाज मी चार घरं वाढवून ठेवला.

त्या संध्याकाळी बाबा कापसात टेकले. मालिका लागली. आवाज इतका माफक की सुरभीने आतून दार लावलं नाही. थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "हे पोरगी काऊन रडून राह्यली? नवऱ्याचं पत्र नाई आलं म्हनून? पत्र तर त्या बुढीनं दाबून ठेवलं." छाया कणकेच्या हाताने दारात आली आणि म्हणाली, "होय ना, मामाजी, परवापासून दाबून राह्यली थे." आणि कापसावर बसली. मग सुरभी पुस्तक घेऊन आली आणि दुसऱ्या बाजूला बसली. मी उभाच होतो. मला बसायची हिंमत होत नव्हती. वाटत होतं, मी हललो तर हे मोडेल.

खाज सुटली. पोळ्या मी केल्या, त्या कोणी फारशा खाल्ल्या नाहीत. संक्रांत होऊन गेली आणि कापूस असल्यामुळे बाबा गेले नाहीत. दिवसा ते कापूस खालीवर करायचे, कचरा वेचून काढायचे, गल्लीतल्या कोणी आत डोकावून विडी शिलगावली तर त्याला हाकलायचे. शेजारचे चार म्हातारे संध्याकाळी मालिकेला यायला लागले, कारण त्यांनाही घरी ऐकू येत नव्हतं. मी भेटेल त्याला सांगत होतो की रिसिव्हर घेताना काय पाहायचं. बायको सोबत असेल तर सांगत नव्हतो.

आणि मग भाव आला. एवढे दिवस पडून राहिलेला भाव उठला आणि चढतच गेला. श्रावणचा फोन आला, "भाऊ, इका आता, याच्यावर नाई जात." मी म्हटलं, "पाहू." जिकडे जावं तिकडे तीच बोलणी, चहाच्या टपरीवर, शाळेच्या स्टाफरूममध्ये. कापूस विकला म्हणजे बाबा गेले. आणि खरी फजिती वेगळीच होती. संध्याकाळी बातम्यांत शेतमालाचे भाव सांगतात. इतके महिने ज्या माणसाला टीव्ही ऐकू यावा म्हणून मी घर उलटंपालटं केलं, त्या माणसाला टीव्ही ऐकू येऊ नये म्हणून मी आता रिमोट खिशात घालून फिरत होतो. बाजारभाव सुरू झाले की मी चॅनेल बदलायचो. बाबा म्हणायचे, "कायले बदललं?" मी म्हणायचो, "सिग्नल गेला." मी एवढं वाईट खोटं बोलतो हे मला तोवर माहीत नव्हतं. छायाने वर्तमानपत्रातलं बाजारभावाचं पान रोज कापून भाजी ठेवायला वापरायला सुरुवात केली, आणि यावर आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही.

असं किती दिवस चाललं असतं कोणास ठाऊक. रविवारी ताराचंद आला. ताराचंद म्हणजे घरोघर फिरून कापूस घेणारा व्यापारी, वजनकाटा गाडीतच घेऊन हिंडणारा. नालवाडीत कोण्या मास्तराच्या घरी कापूस आहे ही बातमी त्याला लागली नसती तरच नवल. मी आणि छाया स्वयंपाकघरात पेटीची एक सैल वायर बसवत होतो. दार उघडं होतं. ताराचंद बैठकीच्या उंबऱ्यात उभा राहिला. बाबा कापसात पाय पसरून बसले होते. तो वाकला, मूठभर कापूस उचलून पाहिला आणि व्यापारी बोलतात तसा हळू, गोड आवाजात म्हणाला, "काकाजी, चांगला माल हाय. आज माझ्याइतका भाव कोनी देनार नाई." आणि त्याने भाव सांगितला. तो खरोखरच चांगला होता. माझ्या हातातली वायर खाली पडली.

बाबांनी कानामागे हात धरला. "काय म्हन्ता?"

ताराचंदने जरा मोठ्याने सांगितलं.

"मले ऐकू नाई येत, बाप्पा. वयच झालं आता."

ताराचंद ओरडून बोलला. रस्त्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. बाबांनी मान हलवली, दोन्ही हात उडवले. "काहीच समजत नाई मले. माह्या पोराले इचारजो. तो घरी नाई."

ताराचंदने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मी आणि छाया मिक्सरमागे खाली बसलो. थोडा वेळ थांबून तो गेला. त्याच्या गाडीचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला.

आम्ही उठलो नाही. मी छायाच्या कानाशी लागून, मलाही जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू विचारलं, "बाबांनी भाव ऐकला असंन का?"

"अजून वाढू दे," बैठकीतून बाबा म्हणाले. "आन् टीव्ही लाव. मालिका सुरू झाली असंन."